न सुरू होणाऱ्या कम्प्युटरबद्दल जावईबापूंना

इंदोरा, नागपूर
मे महिना, दुपार (कूलरसमोर बसून)

चिरंजीव जावईबापू पियुषराव यांना प्रेमिलाचा, म्हणजे तुमच्या सासूबाईंचा, सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे उन्हानं जेवढं खुशाल राहू दिलं तेवढे. तुमची, दीक्षाची आणि तुमच्या आईबाबांची तब्येत उत्तम असेल अशी आशा करते. तुमचं पित्त कसं आहे? हैदराबादेत तुम्ही फार उशिरा जेवता असं दीक्षा सांगत होती. जावयाला उपदेश करू नये अशी रीत आहे, म्हणून मी करत नाही. फक्त लवकर जेवत जा. पत्र पाहून तुम्हाला वाटेल, सासूबाईंच्या फोनला काय झालं. फोन ठणठणीत आहे. पण फोन केला की दीक्षा तो स्पीकरवर टाकते, आणि इकडे माझं बोलणं पुढच्या खोलीतच काय, शेजारच्या घरातही ऐकू जातं (बालवाडीत जन्म गेला, आवाज खाली येत नाही). आणि मला जे सांगायचं आहे ते या दोन्ही ठिकाणी ऐकू जाऊन चालणार नाही. म्हणून हा कागद.

आता मूळ गोष्ट. ती तुमच्यापासून सुरू होते, म्हणून दोष आधी तुमच्या पदरात घालते आणि मग पुढे जाते. दीक्षाचे बाबा गेल्या वर्षी एसटी डेपोच्या भांडारातून निवृत्त झाले, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सत्काराचे हार जास्त आले होते म्हणून एक तुमच्याही गळ्यात पडला होता. भांडारात त्यांचा दरारा असा, की जुना पार्ट जमा केल्याशिवाय नवा पार्ट मिळायचा नाही, मग मागणारा मॅनेजर का असेना. घरीही तोच कायदा. मी नवा झाडू आणला की जुना दाखवावा लागे. त्यावरून आमची रोज तूतू मैंमैं व्हायची आणि घर कसं भरलेलं वाटायचं. निवृत्तीनंतर मी एकदा मुद्दाम नवा झाडू आणून त्यांच्यासमोर ठेवला. म्हटलं, आता विचारतील, जुना कुठं आहे. त्यांनी पाहिलं आणि नुसतं "हूं" केलं. झाडू मीच उचलून आत नेला. पुढे पुढे तर ते "हूं"सुद्धा कमी झालं. सकाळी खुर्ची फाटकाकडे वळवायची, बसायचं, जेवायला उठायचं, परत बसायचं. भांडण असतं तर मी निभावून नेलं असतं, मला भांडता येतं. पण न बोलणाऱ्या माणसाशी कसं भांडणार? एकदा स्वतःहूनच म्हणाले की दवाखान्यात जाऊन येऊ, तेव्हा मी कपडे बदलायच्या आधी चप्पल घालून उभी राहिले. डॉक्टर म्हणाले, काहीही झालेलं नाही. येताना सीताबर्डीवर उसाचा रस पाजला मला, आणि घरी येऊन परत खुर्चीत. पियुषराव, तुम्ही मुलासारखे, म्हणून लिहिते: मला फार भीती वाटायची. हा माणूस असाच हळूहळू खुर्चीतल्या खुर्चीत विरून जाईल आणि मी आतून फोडणी देत राहीन, असं वाटायचं.

अशात दसऱ्याला तुम्ही दोघं आलात. दीक्षाभूमीवर जाऊन आलो, जेवणं झाली, आणि बडीशेप खाता खाता तुम्ही सहज बोलून गेलात की बाबा, हल्ली कम्प्युटर तयार कशाला घ्यायचा, पार्ट आणून घरीच जोडता येतो. तुम्ही बोललात आणि हैदराबादला निघून गेलात. पण "पार्ट" हा शब्द ऐकून इकडे कान टवकारले होते. उन्हाळा लागेपर्यंत हे काही बोलले नाहीत आणि एक दिवस चष्मा लावून तुम्हाला फोन केला, कोणकोणते पार्ट लागतात ते लिहून द्या म्हणून. मी विचारलं, आपल्याला कम्प्युटर काहून पाहिजे? तर म्हणाले, "लागते." पुष्कळ महिन्यांनी मिळालेला अखंड शब्द होता, म्हणून मी पुढे ताणलं नाही.

सीताबर्डीच्या ज्या दुकानातून माल आणला तिथे मीही सोबत होते. दुकानदार भला माणूस होता, पण त्याला भांडारपाल गिऱ्हाईक कधी भेटलेलं नव्हतं. ह्यांनी प्रत्येक डबा उघडून आतली वस्तू मोजून घेतली, स्क्रूसुद्धा. पंखा फिरवून पाहिला. एका डब्याचा कोपरा दबलेला होता तर तो "चेपका" म्हणून परत केला, आणि दुकानदार समजावत राहिला की काका, डबा चेपका आहे, आतला माल नाही. घरी आणल्यावर दिवाणावर सगळं मांडलं आणि प्रत्येक पार्टाला सुतळीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली. मदरबोर्डला चिठ्ठी, प्रोसेसरला चिठ्ठी (तो बिचारा चिठ्ठीहून लहान), रॅमला चिठ्ठी. मला वाटलं आता जोडतील. छे. आधी माल "मुरू" दिला. आठवडाभर दिवाण अडलेला, पाहुणा आला तर त्याला पाटावर बसवायची वेळ. पण मी तक्रार केली नाही, कारण रोज सकाळी हे खुर्ची फाटकाकडे न वळवता दिवाणाकडे वळवायला लागले होते.

मग एका सकाळी जोडणी सुरू झाली. जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली, मोबाईलवर हिंदीत समजावणारा व्हिडिओ लावला, आणि मला टॉर्च धरायचं काम मिळालं. "इकडं धर ना वं," "अवं, माझ्या डोळ्यात नाही, बोर्डावर," असं ऐकत मी टॉर्च धरून राहिले. प्रोसेसर बसवून वरचा दांडा दाबताना असा कर्रकर्र आवाज आला की आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. व्हिडिओतला माणूस म्हणत होता, डरना मत, ऐसी आवाज आती है. तरी हे घाबरले आणि टेबलाला हात टेकून उभे राहिले. शेजारचे नत्थूजी (तुम्ही ओळखता, दवाखान्यातले कंपाउंडर, आता निवृत्त) आवाज ऐकून भिंतीवरून डोकावले आणि विचारते झाले, "काहून गा धम्मानंदभाऊ, हाड मोडलं का कोणाचं?" तेव्हापासून नत्थूजी या प्रकरणात शिरले ते आजतागायत बाहेर आलेले नाहीत. शेवटी सगळं कॅबिनेटमध्ये बसलं आणि चार स्क्रू उरले. भांडारात माल उरणं हा मोठा गुन्हा. ह्यांचा चेहरा पडला. नत्थूजींनी धीर दिला की ऑपरेशननंतर टाके उरले तर डॉक्टर परत पोट फाडत नाही. स्क्रू काचेच्या बरणीत ठेवले आहेत, तुम्ही आलात की दाखवते.

उद्घाटनाला बुद्ध पौर्णिमेचा दिवस धरला. सकाळी विहारात जाऊन आलो, मी मोठ्या पातेल्यात खीर केली, शेजारपाजारच्यांना बोलावलं. नत्थूजी आणि त्यांच्या शोभाताई सगळ्यात आधी येऊन पुढच्या रांगेत बसले. मेणबत्ती, अगरबत्ती लावली, पंचशील झालं. ह्यांनी पांढरा सदरा घातला होता, निवृत्तीच्या दिवशी घातलेला. कम्प्युटरवरून टॉवेल बाजूला केला, दोन शब्द बोलले (खरंच दोन: "सुरू करतो"), आणि बटण दाबलं.

काही झालं नाही.

परत दाबलं. मग अंगठ्यानं दाबलं. मग इकडे तिकडे पाहून जरा दम खाऊन दाबलं. पंखा हलेना, दिवा लागेना. शोभाताईंच्या खिरीच्या वाटीत चमचा तेवढा वाजत होता. मी मशीनकडे पाहिलंच नाही, मी ह्यांच्या तोंडाकडे पाहत होते. म्हटलं, गेलं सगळं. आता खुर्ची परत फाटकाकडे. पण नत्थूजी उठले, कॅबिनेटला कान लावला, दोन ठिकाणी बोटानं टकटक केली आणि म्हणाले, "याले आतून करंटच भेटून नाही राहिला. सलाईन लावा लागते." आणि दीक्षाचे बाबा, पियुषराव, हसले. आवाज करून हसले. मला खिरीची वाटी खाली ठेवावी लागली.

त्या दिवसापासून आमच्या घरी रोज संध्याकाळी दवाखाना भरतो. सहा वाजले की नत्थूजी त्यांचा जुना चिमटा आणि शोभाताई काहीतरी खायचं घेऊन हजर. पहिला संशय प्लगवर गेला. प्लगमध्ये करंट आहे का हे पाहायला टेस्टर पुरला असता, पण टेस्टर खोटा बोलतो असं नत्थूजींचं मत, म्हणून त्या प्लगवर माझा मिक्सर लावून पाहिला. मिक्सर चालला. मग नुसता रिकामा कशाला फिरवायचा म्हणून जवसाची चटणी काढली. मग शोभाताई म्हणाल्या, मिक्सर हलका असते, जड वस्तू लावून पाहा. म्हणून इस्त्री लावली आणि लावलीच आहे तर चार सदरे काढले. दुसऱ्या दिवशी संशय वायरवर गेला. ती जाड काळी वायर शोभाताईंच्या भाताच्या कुकरला बरोबर बसते, हा शोध नत्थूजींनी लावला. कुकर आमच्याकडे आणला, वायर लावली, तासाभरात भात तयार. वायर निर्दोष ठरली आणि आम्ही चौघं वरणभात, जवसाची चटणी खाऊन उठलो. हे असं सुरू आहे. घरातलं प्रत्येक यंत्र त्या प्लगवर पास झालं आहे, नापास एकच.

मग रॅमची पाळी आली. व्हिडिओवाला म्हणाला, रॅम काढून खोडरबरानं पुसा. घरात खोडरबर नव्हतं. नत्थूजींनी स्पिरिटच्या बोळ्याचा आग्रह धरला, ह्यांनी व्हिडिओत नाही ते करायला नकार दिला, आणि दोघांत अशी जुंपली की शोभाताई मला आत येऊन म्हणाल्या, "प्रेमिलाबाई, पाहा ना वं, पोरावाणी भांडून राहिले." मी म्हटलं, भांडू द्या ताई. मी फोडणीत मोहरी टाकली आणि ती तडतडेपर्यंत नुसती ऐकत उभी राहिले. शेवटी खोडरबर आलं, रॅम पुसली, परत बसवली. काही झालं नाही. मग कोणीतरी म्हणालं की नागपूरच्या उन्हात मशीनही बेशुद्ध पडते, त्याला कूलरसमोर ठेवा. ह्याला मात्र मी आडवी गेले. कूलर पाणी फेकतो, आणि खसाच्या वासानं मशीन सुरू झाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. दुकानदारानं फोनवर सांगितलं, घेऊन या, पाहून देतो. तर हे म्हणाले, डेपोची गाडी कधी बाहेरच्या वर्कशॉपमध्ये गेली नाही. रविवारी तुमचा फोन आला, तुम्ही काहीतरी विचारलंत, ह्यांनी "ते पाहिलं, ते पाहिलं" म्हणून फोन माझ्या हातात दिला. एवढं सोडलं तर काम शिस्तीत चालतं. पुढची बाजू नत्थूजींकडे, आतली बाजू दोघांकडे, मागची भिंतीकडची बाजू फक्त ह्यांच्याकडे. तिथे कोणाला हात लावू देत नाहीत.

आता तुम्हाला वाटेल, सासूबाई वैतागल्या असतील. टेबल गेलं, दिवाण गेला, जवस संपलं. पण पियुषराव, हा माणूस सकाळी स्वतः उठून दाढी करतो. चहा कमी गोड झाला तर तोंडानं सांगतो. परवा गांधीबागेतून मी दोन चादरी आणल्या तर विचारलं, जुन्या कुठं आहेत? मी आत जाऊन पदरानं डोळे पुसले आणि बाहेर येऊन खूप भांडले. संध्याकाळी मी टॉर्च धरून बाजूला बसते, हे मला डेपोच्या गोष्टी सांगतात, मी त्यांना बालवाडीच्या सांगते, नत्थूजी दोघांनाही मध्येच तोडतात. रात्री झोपताना घसा दुखतो एवढं बोलणं होतं.

तर विनंती अशी. पुढच्या आठवड्यात तुम्ही दोघं येणार आहात, तेव्हा एक चांगला पॉवर सप्लाय, म्हणजे आत करंट पोहोचवणारा तो डबा, सोबत आणावा आणि मशीन एकदा नजरेखालून घालावं. तुम्ही त्यातले जाणकार, तुमच्या हाताला यश येईल. तुमच्या आईबाबांना आमचा जयभीम सांगा. दीक्षाला म्हणावं, आंब्याच्या पेट्या आणू नकोस, इथे घर आंब्यांनी भरलं आहे. बाकी सर्व ठीक.

तुमची सासू,
प्रेमिला

ता. क. वरचा शेवटचा परिच्छेद दीक्षानं तुमच्या खांद्यावरून वाचला तर असावा म्हणून लिहिला आहे. आता हे एकट्यानं वाचा. पॉवर सप्लाय बिलकुल आणू नका. परवा दुपारी हे भाजीला गेले असताना मी मशीनच्या मागची धूळ पुसत होते. तिथे वायरीजवळ एक लहान काळं बटण आहे. फडक्यानं ते दुसऱ्या बाजूला पडलं. मी सहज पुढचं बटण दाबून पाहिलं, तर दिवा लागला, पंखे फिरले, पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. मी इतकी घाबरले की चोर घरात शिरल्यासारखं सगळं बंद करून टाकलं, मागचं बटण होतं तसं केलं आणि फडकं धुवायला टाकलं. कोणाला बोलले नाही. बोलले असते तर त्याच दिवशी मशीन सुरू झालं असतं, नत्थूजी आपल्या घरी बसले असते, आणि हे परत खुर्चीत. तेव्हा तुम्ही आलात की मशीनसमोर बसा, खोला, लावा, डोकं खाजवा, आणि सांगा की एक पार्ट बाहेरून मागवावा लागेल, तो यायला वेळ लागतो. कुठून ते तुम्ही ठरवा, जितकं दूर तितकं बरं. जावयाला खोटं बोलायला लावते, त्याचा दोष माझ्याकडे. शील मोडतं हे मला कळतं. विहारात त्याचं मी माझं पाहून घेईन.

ता. क. पाकीट ह्यांच्याच हातून पोस्टात जाईल, कारण उन्हात ते मला जाऊ देत नाहीत. भातानं पक्कं चिकटवलं आहे, काळजी नसावी.

पियुषराव यांस जयभीम. यापुढील मजकूर माझा, म्हणजे धम्मानंदचा. पाकिटावर पिनकोड नव्हता. अपुऱ्या पत्त्याचा माल मी कधी रवाना केलेला नाही. आत असेल म्हणून उघडलं, भात ओलाच होता. वाचायचा इरादा नव्हता, पण माझा उल्लेख फार ठिकाणी दिसला.

मागचं बटण मीच बंद केलं होतं. डेपोत गाडी उभी केली की बॅटरीचा कटआऊट बंद करायचा, तो नियम. हाताला सवय पडली आहे. पॉवर सप्लाय बसवला तेव्हा हात आपोआप तिकडे गेला आणि नंतर ध्यानात राहिलं नाही. पौर्णिमेच्या तिसऱ्या दिवशी दाढी करताना आठवलं. ही दुपारी झोपली होती तेव्हा सुरू करून पाहिलं. सर्व पार्ट व्यवस्थित चालतात. परत बंद करून ठेवलं.

कारण असं. दीक्षाच्या लग्नानंतर ही हळूहळू गप्प होत गेली, मी निवृत्त होऊन घरी बसलो तेव्हा ते ध्यानात आलं. पत्रात लिहिते की मी बोलत नव्हतो. मी बोललो की ही "हो" म्हणून आत निघून जायची आणि स्वयंपाकघरात एकटीच बसून राहायची. मग मीही बोलणं सोडलं. फाटकाकडे पाहत बसायचो, की कोणी आलं तर हिच्याशी बोलेल. दवाखान्यात जायचं मी काढलं ते हिला जरा घराबाहेर न्यावं म्हणून. डॉक्टरला खरं काय ते सांगून ठेवलं होतं. कम्प्युटर कशाला असं तुम्हीही विचारलं होतं, तेव्हा सांगितलं नाही. मोठ्या पडद्यावर रोज दीक्षा दिसेल, तेवढ्यासाठी तरी ही पुढच्या खोलीत येऊन बसेल, असा अंदाज होता.

एवढं लांब पत्र हिनं लिहिलं यावरून हिची तब्येत सुधारली असं समजतो. हिनं सांगितलं आहे तसंच करावं. डोकं खाजवावं, पार्ट मागवावा. मी वाचलं हे हिला कळू देऊ नये. कम्प्युटर सुरू न होताच ती माझ्याजवळ येऊन बसली आहे. तो सुरू करून तिला उगाच उठवू नका.